वॉर्मरवरच्या गुंडाळ्या परत द्या : जिल्हा शल्यचिकित्सकांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक साहेब,
आणि नवजात कक्षाच्या फायलीवर ज्यांची ज्यांची सही लागते ते सर्व अधिकारी,

सविनय नमस्कार.

मी तुमच्याच रुग्णालयातून निवृत्त झालेली परिसेविका. एकूण नोकरी ३१ वर्षांची, त्यातली शेवटची १२ वर्षं नवजात शिशू कक्षात गेली. कागदोपत्री तो एसएनसीयू, म्हणजे आजारी आणि कमी दिवसांच्या नवजात बाळांचा विशेष कक्ष. बाहेर जिन्याखाली डबे घेऊन बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी मात्र 'काचेचा वॉर्ड'. "बाळाला काचेत ठेवलंय," असं गावाकडे फोनवर सांगताना बापाचा आवाज कसा बसतो, ते मी इतक्यांदा ऐकलंय की आजही तो जिना चढताना पाय जड होतात.

जिल्ह्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुणा एका माणसाला उघडं पाडायचं नाही. शिवाय शेजारच्या जिल्ह्यांतल्या माझ्या मैत्रिणी हे वाचून "आमच्याकडेही हेच चाललंय" म्हणतील, याची मला खात्री आहे.

गेल्या महिन्यात माझी भाची बाळंत झाली, तिसाव्या आठवड्यात. बाळ १२८० ग्रॅमचं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी त्या कक्षात पाऊल टाकलं ते आजी म्हणून. मुली ओळखीच्या, त्यांनी आत घेतलं. सवयीने कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन चढवला आणि चौथ्या वॉर्मरपाशी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेपाशी, गेले.

बाळ सपाट गादीवर उताणं होतं. हात दोन्हीकडे पसरलेले, पाय फाकलेले, डोकं पुढे झुकून हनुवटी छातीला टेकलेली. नाकात सीपॅपच्या, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राच्या, नळ्या होत्या, पण टोपी वर सरकल्यामुळे त्या नाकाच्या मधल्या पडद्यात रुतल्या होत्या. यंत्राच्या बाटलीतले बुडबुडे मध्येच यायचे, मध्येच थांबायचे. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मॉनिटरवर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा (सॅचुरेशन) होता ८४.

सिस्टर धावत आली. दोघींत मिळून अठरा बाळं होती, नऊ तिच्या वाट्याची. तिने अलार्म बंद केला, प्राणवायू ३० टक्क्यांवरून ४० वर नेला आणि पलीकडे रडणाऱ्या बाळाकडे वळली. मी तिला थांबवून विचारलं, "अगं, खांद्याखाली रोल कुठंय?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, सगळे रोल काढायला लावलेत. घरटी पण. तपासणीच्या आधी पत्र आलं होतं."

तिला विचारून मी एक धुतलेला लंगोट घेतला, चार घड्या घालून गुंडाळी केली आणि बाळाच्या खांद्यांखाली सरकवली. हनुवटी छातीपासून सुटली. टोपी भुवयांपर्यंत खाली घेऊन नळ्या नाकाच्या पडद्यापासून सुट्या केल्या. हात छातीशी आणले, पाय दुमडले, भोवतीने दुपट्याची कड लावून घरटं केलं. बुडबुडे सलग यायला लागले. ८६ झालं, मग ८९, मग ९३ वर येऊन आकडा थांबला. पाच-सात मिनिटांनी सिस्टरने प्राणवायू परत ३० वर आणला.

भाची दाराच्या काचेतून बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, काय केलंस गं तू?" "मान सरळ केली," एवढंच मला सांगता आलं.

ते बाळ माझ्या घरचं होतं म्हणून मी तिथे होते. उरलेल्या सतरा बाळांच्या वॉर्मरशी अशी कुणी मावशी उभी नव्हती. म्हणून हे पत्र.

साहेब, ते पत्र मी नंतर मागून वाचलं. त्याचा मथितार्थ असा की वॉर्मरवर बाळ, चादर आणि यंत्रांच्या नळ्या यांखेरीज काही दिसू नये. गुंडाळ्या, दुपट्यांची घरटी, उशा काढाव्यात, कारण त्यांतून जंतुसंसर्ग होतो आणि कक्ष अस्ताव्यस्त दिसतो.

संसर्गाचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर या जंतूंची नावं मी रजिस्टरात स्वतःच्या हाताने लिहिली आहेत आणि त्यापुढच्या रकान्यात मृत्यूची वेळही. ओलं, दुधाने माखलेलं, ह्या बाळाचं काढून त्या बाळाला लावलेलं कापड घातकच. पण ऑपरेशन थिएटरचं कापड आपण संसर्गाच्या भीतीने बंद केलं नाही. आपण ते धुतो, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करतो, ड्रमवर तारीख टाकतो. तीच शिस्त या गुंडाळ्यांना लावा: प्रत्येक बाळाचा स्वतःचा संच, रोज बदल, आणि मळला की तारखेची वाट न बघता बदल. घरून आणलेल्या मोहरीच्या उशा, काळे दोरे, गोधड्या काढायला लावल्या असत्या तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते. मीही बारा वर्षं त्या काढतच होते, आज्यांची समजूत घालत.

कक्ष नीटनेटका दिसावा, हे कारण मात्र मला मुळीच मान्य नाही. एका रांगेत, एकसारखी, सपाट गादीवर उताणी निजवलेली बाळं फोटोत छान दिसतात. त्यांना श्वास घ्यायला ते सर्वांत कठीण जातं.

का, ते जरा सविस्तर लिहिते. हे पत्र डॉक्टर नसलेली माणसंही वाचतील.

तिसाव्या आठवड्यातलं बाळ म्हणजे पूर्ण दिवसांच्या बाळाची लहान प्रत नव्हे. फुप्फुसातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून शरीर सरफॅक्टंट नावाचा पदार्थ तयार करतं. तो साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा नसतो, त्यामुळे दर श्वासाला मिटलेले फुगे नव्याने उघडावे लागतात. बरगड्या कूर्चेच्या, मऊ. जोर लावला की छाती फुगण्याऐवजी आत बसते आणि पोट वर येतं. श्वासाचं जवळजवळ सगळं काम छातीखालचा श्वासपटल हा एकच स्नायू करतो आणि तोही लवकर थकतो. थकला की बाळ श्वास घ्यायचंच थांबतं. त्यासाठी सीपॅप: नाकातून हवेचा हलका दाब, साधारण ५-६ सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे फुगे मिटत नाहीत. १९७१ साली अमेरिकेत डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी ही पद्धत नवजात बाळांवर वापरून दाखवली. आज आपल्या जिल्ह्यात बाटलीत नळी बुडवून तीच चालते. साधं, स्वस्त आणि गुणी यंत्र आहे.

पण शेतातल्या पाइपला पीळ पडला तर मोटार कितीही जोरात चालवा, पुढे पाणी जात नाही. या बाळांचं डोकं धडाच्या मानाने मोठं असतं आणि मागची बाजू फुगीर. सपाट गादीवर उताणं ठेवलं की डोकं पुढे ढकललं जातं, मान दुमडते आणि मऊ श्वासनलिका दबते. खांद्यांखाली इंचभर जाडीची गुंडाळी दिली की मान सरळ राहते, किंचित मागे. फार जाड गुंडाळी दिली तर मान मागे लटकते आणि वाट पुन्हा अरुंद होते. हे आपण जन्मखोलीत शिकवतो. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या प्रशिक्षणात, २००९ पासून, पुनरुज्जीवनाच्या पहिल्या पायऱ्यांतच बाळाची मान कशी ठेवायची ते येतं. जन्मखोलीत एका मिनिटासाठी जे आवश्यक, ते वरच्या मजल्यावर वीस दिवसांसाठी अनावश्यक कसं होतं?

श्वासनलिकेत नळी घातलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या बाळाला तर मानेच्या हालचालीचा थेट धोका आहे. मान खाली झुकली की नळीचं टोक खोल सरकतं आणि एकाच फुप्फुसात जाऊ शकतं. मान मागे गेली की टोक वर येतं आणि नळी निसटू शकते. आम्ही नव्या मुलींना सांगायचो, नाक जिकडे जाईल तिकडे नळी जाते. अशा बाळाला कुशीवर करायला दोन माणसं लागतात, एकीने डोकं आणि नळी धरायची, दुसरीने धड वळवायचं. अत्यंत कमी दिवसांच्या बाळाचं डोकं पहिले तीन दिवस शक्यतो मध्यरेषेत ठेवतात, कारण मेंदूतला रक्तस्राव बहुतेक त्याच दिवसांत होतो आणि मान एका बाजूला पूर्ण वळली की त्या बाजूच्या शिरेतून रक्त परतायला अडथळा येतो.

आता पालथं निजवण्याबद्दल. ज्या बाळाला श्वासाचा त्रास आहे आणि ज्याला मॉनिटर लावलेला आहे, त्याला पालथं केलं की गादीच छातीला आधार देते, हृदयाचं वजन फुप्फुसांवरून उतरतं, पाठीकडचा भाग मोकळा होतो, छाती आणि पोट एका लयीत हलतात. उलटीही कमी होते. मी काही चमत्कार सांगत नाही. कोक्रेन या संस्थेने या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये जो आढावा काढला, त्यात व्हेंटिलेटरवरच्या बाळांचा प्राणवायू पालथं असताना थोडा सुधारतो एवढंच निघालं; त्याचा टिकाऊ फायदा मिळतो असं दाखवणारा पुरावा नाही. ते मी प्रामाणिकपणे मान्य करते. पण जिथे व्हेंटिलेटर मोजके आणि मोठं रुग्णालय तीन तासांच्या अंतरावर, तिथे 'थोडा' या शब्दाचं वजन वेगळं असतं. सीपॅपवर तग धरलेलं बाळ आणि रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत घालावं लागलेलं बाळ, यांत कधीकधी तेवढंच अंतर असतं.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार पत्राचीच. ते काढताना बालरोगतज्ज्ञांना विचारलं का, कक्षाच्या परिसेविकेला विचारलं का? मला कळलं त्याप्रमाणे दोघांनाही ते सही झाल्यावर मिळालं. बाळाला कसं निजवायचं हा उपचाराचा निर्णय आहे. तो स्वच्छतेच्या यादीत बसवून घेतला गेला, हे मला सर्वांत जास्त लागलं.

दुसरी प्राणवायूची. मान दुमडलेल्या बाळाचा आकडा खाली आला की हाताशी असलेला सोपा उपाय म्हणजे प्राणवायूचं बटण. नऊ बाळं सांभाळणारी मुलगी दुसरं काय करणार? पण कमी दिवसांच्या बाळाला गरजेपेक्षा जास्त प्राणवायू म्हणजे डोळ्यांच्या पडद्याला धोका. आरओपीमुळे, म्हणजे पडद्याच्या याच आजारामुळे, आंधळी झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातला एक मुलगा दरवर्षी आईबरोबर कक्षाच्या दाराशी यायचा, कारण आईच्या लेखी आम्ही त्याला वाचवलं होतं. मला त्याच्या डोळ्यांकडे बघवत नसे. प्राणवायू मिळणाऱ्या या बाळांचं सॅचुरेशन ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवावं, ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोच्या खालच्या बाळांची चौथ्या आठवड्यापर्यंत डोळ्यांची तपासणी व्हावी, हे सगळं आपण पाळायचा प्रयत्न करतो. मग जो प्राणवायू एका लंगोटाच्या घडीने वाचतो, तो बाळाला का द्यायचा?

तिसरी तक्रार माणसांची, आणि इथे मी जरा थांबणार आहे. नवजात कक्षाच्या सरकारी मार्गदर्शक पुस्तिकेत दर पाळीला तीन ते चार खाटांमागे एक परिचारिका असावी असं म्हटलं आहे. मी पाहिलं ते प्रमाण एकास नऊ. त्यावर कडी म्हणजे बदली. एखादी मुलगी या कक्षात येते. पहिले दोन महिने तिला बाळाला हात लावायची भीती वाटते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती नुसत्या कण्हण्यावरून ओळखायला लागते की कुठलं बाळ दमलंय. सहाव्या महिन्यात तिच्या बोटांना कळतं की गुंडाळी किती जाड हवी. आणि नेमकं तेव्हा तिला सर्जिकल वॉर्डात, नाहीतर कुठल्यातरी शिबिराला पाठवलं जातं. कंत्राटी मुलींचं तर करार संपला की सगळं शिकणं त्यांच्याबरोबर निघून जातं. बाळाला दर दोन-तीन तासांनी स्थिती बदलून द्यायची, तीही दूध आणि लंगोट बदलण्याच्या वेळेशी जोडून, म्हणजे त्याची झोप पुन्हा पुन्हा मोडणार नाही. हे काम यादीत लिहून होत नाही. त्याला हात लागतात आणि तेच हात उद्याही लागतात.

कुणी म्हणेल, इतकं कुठे शिकवत बसणार? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने थोडं शिकलेल्या खेड्यातल्या बायांना नवजात बाळांची काळजी शिकवली, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायलाही शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांमधले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. नंतर देशभर आशाताई ज्या घरभेटी द्यायला लागल्या, त्याचं मूळ तिथे आहे. त्या बायांना शिकता आलं, तर तीन वर्षं जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम केलेल्या आमच्या मुलींना शिकवता येणार नाही का? शिकवणारं माणूस आणि शिकलेल्याला तिथेच ठेवण्याची इच्छा, दोनच गोष्टी लागतात.

चौथी, नोंदीची. आपल्या चार्टवर तापमान, श्वास, नाडी, दूध, लघवी, सगळ्याला रकाना आहे. बाळ कुठल्या कुशीवर होतं, किती वेळ होतं, याला नाही. ज्याला रकाना नाही ते पाळीबदलात सांगितलं जात नाही. सकाळच्या सिस्टरने डाव्या कुशीवर ठेवलेलं बाळ रात्री पुन्हा डाव्याच कुशीवर जातं, आणि पंधरा दिवसांनी डोकं एका बाजूने चपटं झालेलं दिसतं.

पाचवी, नाकाची. सीपॅपच्या नळ्यांचे सगळे आकार साठ्यात नसतात, मग हाताला येईल तो आकार लावला जातो. फार लहान असला तर दाब निसटतो, मोठा किंवा घट्ट असला तर नाकाचा मधला पडदा आधी पांढरा पडतो, मग लाल, मग फाटतो. नळीच्या कडेत आणि पडद्यात दोन मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. बाळ घसरलं की ही जागा नाहीशी होते, आणि घरट्याविना बाळ घसरतंच. बाळाला पुन्हा वर घेणं, नाक तपासणं, पोट फुगलं असेल तर तोंडातून पोटात घातलेली नळी मोकळी आहे का बघणं, या सगळ्या एकाच साखळीच्या कड्या आहेत.

सहावी तक्रार आईची आहे, आणि ती आई बोलत नाही म्हणून मी बोलते. बाळाला ठेवायची सर्वांत चांगली जागा वॉर्मर नव्हेच, आईची छाती आहे. ताठ, त्वचेला त्वचा, डोकं एका कुशीवर, मान किंचित वर, हातपाय दुमडलेले, वरून कापड बांधलेलं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोता शहरात डॉ. एडगर रे यांनी बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून हे सुरू केलं, त्याला आपण कांगारू काळजी म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईजवळ दिलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग, म्हणजे सरकारी रुग्णालयच. आपल्याकडे आजही आईला दिवसातून दोनदा, दूध काढून द्यायला बोलावतात. माझी भाची टाके ओले असताना बाहेर बाकावर बसून होती. आत टेकून बसता येईल अशी एकही खुर्ची नव्हती. साहेब, एक खुर्ची नव्हती.

आणि घरी जाण्याच्या दिवशी काय होतं तेही ऐका. नातेवाइकांनी पंधरा दिवस बाळ पालथं झोपलेलं पाहिलेलं असतं. दवाखान्यात असंच ठेवत होते म्हणून ते घरीही पालथं निजवतात, आणि घरी मॉनिटर नसतो. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचा धोका पालथ्या झोपेने वाढतो, म्हणून १९९० च्या दशकापासून जगभर बाळाला उताणं निजवायला सांगतात. बरं होत आलेल्या बाळाला सुट्टीच्या आधी कक्षातच उताणं, सपाट, मोकळ्या गादीवर झोपायची सवय लावायला हवी आणि त्याचं कारण आजीला तिच्या भाषेत सांगायला हवं. तीच गोष्ट झोळीची. आपल्याकडे घरोघरी बाळ झोळीत निजतं. पूर्ण वाढलेल्या बाळाला ती सोसते. पण पावणेदोन किलोच्या बाळाची मान झोळीत कमानीसारखी वाकते आणि हनुवटी पुन्हा छातीला टेकते, जिथून आपण सुरुवात केली होती तिथेच. सुट्टीच्या कागदावर औषधांची नावं असतात. झोळीबद्दल एक ओळ नसते.

माझ्या मागण्या या आहेत.

एक, गुंडाळ्या आणि घरटी काढण्याचा आदेश ताबडतोब मागे घ्या, आणि तसं लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं पुढच्या तपासणीत टिकत नाही.

दोन, खांद्याची गुंडाळी, घरट्याचं दुपटं आणि सीपॅपची टोपी यांचा संच रुग्णालयाच्या कापडाच्या अधिकृत यादीत घाला. दर खाटेला तीन संच, एक वापरात, एक धुण्यात, एक निर्जंतुक करून तयार. याला फार पैसा लागत नाही. रुग्णालयाच्या शिवणखात्यात हे होतं.

तीन, नर्सिंग चार्टवर स्थितीचा रकाना आणा. उताणं, पालथं, डावी कूस, उजवी कूस, आईजवळ. खाली वेळ आणि सही.

चार, कक्षात प्रशिक्षण घेतलेल्या अधिपरिचारिकेची किमान तीन वर्षं आतल्या आत दुसऱ्या वॉर्डात बदली करू नका, आणि पुस्तिकेतलं प्रमाण निदान रात्रपाळीला तरी पाळा. रात्रीच सर्वांत कमी माणसं असतात.

पाच, सीपॅपच्या नळ्या सगळ्या आकारांत द्या. संपल्यावर मागणी करायची पद्धत बंद करा.

सहा, सीपॅपवरच्या बाळाजवळ आईला बसू द्या. टेकायच्या चार खुर्च्यांनी सुरुवात करा.

सात, सुट्टीच्या कागदावर झोपेच्या स्थितीचं आणि झोळीचं मोठ्या अक्षरांत, चित्रासह लिहा. आशाताईंनाही ते कळवा, कारण घरी बाळ कसं निजलंय ते पुढे त्याच बघणार आहेत.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांचं अग्निसुरक्षा परीक्षण झालं. आमच्या कक्षातही अग्निशामक नळकांडी आली, वायरी बदलल्या, आम्हाला बाळं उचलून बाहेर पळायचा सराव दिला गेला. खात्याने मनावर घेतलं की काम होतं, हे मी त्या महिन्यांत डोळ्यांनी पाहिलंय. मान दुमडून दमलेलं बाळ धूर करत नाही, आवाजही करत नाही, रजिस्टरात त्याचं कारण वेगळ्याच नावाने लिहिलं जातं. तरीही मी त्याच तत्परतेची मागणी करते आहे.

माझ्याकडून जे होण्यासारखं आहे ते मी सुरू केलंय. घरातल्या जुन्या मऊ सुती साड्या उकळून, वाळवून, शेजारच्या दोघींना घेऊन ३६ संच शिवले आहेत. ते तुमच्या कार्यालयात आणून देते, तुमच्या पद्धतीने निर्जंतुक करून घ्या. नव्या मुलींना शिकवायला आठवड्यातून दोन दिवस येईन. मानधन नको. आत यायची लेखी परवानगी तेवढी द्या.

पंधरा दिवस उत्तराची वाट बघते. त्यानंतर हेच पत्र, बालरोगतज्ज्ञांच्या आणि आयांच्या सह्या घेऊन, तुमच्या वरिष्ठांकडे पाठवीन.

आपली नम्र,
नवजात कक्षाची एक निवृत्त परिसेविका

ता. क. : हे पत्र रात्रपाळीच्या एखाद्या मुलीच्या हाती पडलं तर तिच्यासाठी. गुंडाळी साधारण इंचभर जाड, खांद्यांखाली ठेव, मानेखाली नाही. ठेवल्यावर बाजूने वाकून बघ, बाळाचं नाक छताकडे हवं. मग बुडबुडे बघ, मग नाकाचा पडदा, मग पोट. आणि त्यानंतरच प्राणवायूच्या बटणाला हात लाव. मात्र बाळ निळं पडलं असेल किंवा श्वासच थांबला असेल, तर मान सरळ करता करताच डॉक्टरांना हाक मार आणि बॅग-मास्क हातात घे.